विषय : उत्तरार्ध पाहण्याबाबत

शनिवारकरांचा उजवा पाय मंगळवारी संध्याकाळी जो हलायला लागला, तो रविवार उजाडला तरी थांबला नाही. जेवताना हलायचा, दाढी करताना हलायचा, आणि झोपेत तर असा हलायचा की पलंगाच्या पलीकडच्या कडेला बायकोला आगगाडीत झोपल्यासारखं वाटायचं.

"अहो, उतरायचं स्टेशन आलं का?" ती कूस बदलून विचारायची.

शनिवारकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दर शनिवारी वर्तमानपत्रात त्यांचं चित्रपट-परीक्षण यायचं, म्हणून गल्लीने त्यांना दिलेलं ते नाव. ते इतकं अंगी लागलं होतं, की खऱ्या आडनावाने कुणी हाक मारली तर ते मागे वळून बघत, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून.

पाय हलायला कारण झालं एक पत्र. पत्र साक्षात दिग्दर्शकांचं. हे दिग्दर्शक म्हणजे असे थोर, की त्यांचं नाव घेताना चित्रपट न पाहणारी माणसंही आवाज खाली आणत. सात वर्षं खपून त्यांनी क्रांतिकारकांवर चित्रपट काढला होता. सात तरुण, एक पूल, पुलाखाली लावायचा स्फोटकांचा पेटारा, आणि लांबी पावणेचार तास. गेल्याच शनिवारी शनिवारकरांनी त्यावर लिहिलं होतं. पत्रात म्हटलं होतं :

'आपल्या परीक्षणातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. "या चित्रपटाच्या उत्तरार्धाविषयी बोलणे हा अपराध ठरेल." इतर समीक्षकांनी उत्तरार्धाविषयी लिहिलेलं नाही. आपणही नाही. पण आपण लिहायचं नाही असं ठरवून लिहिलेलं नाही. हा फरक फार मोठा आहे. रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात समीक्षकांची चर्चा आहे. अध्यक्षपद आपण स्वीकारावं आणि उत्तरार्धावर बोलावं. मी पहिल्या रांगेत बसेन.'

आता सांगा, यात पाय हलण्यासारखं काय आहे? दुसरा कुणी असता तर त्याने पत्र चौकट करून भिंतीवर लावलं असतं. अडचण एवढीच होती, की शनिवारकरांनी उत्तरार्ध पाहिलेला नव्हता.

याच चित्रपटाचा नव्हे. कुठल्याच चित्रपटाचा.

सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात लबाडी नव्हती, निदान सुरुवातीला तरी नव्हती. नवा चित्रपट शुक्रवारी बारा वाजता लागायचा आणि शनिवारचं पान चार वाजता बंद व्हायचं. शनिवारकर पडले सावकाश लिहिणारे. एक विशेषण लावायचं तर तीन लावून बघायचे आणि चौथं ठेवायचे. तेव्हा मध्यंतराची घंटा झाली की उठायचं, कचेरीत जायचं आणि लिहायला बसायचं, याला इलाज नव्हता. आणि शेवट? शेवट फोनवरून यायचा.

फोन करायचे बॅटरीमामा. थिएटरचे डोअरकीपर. काळोखात बॅटरीचा गोल उजेड पायाशी टाकत माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत नेणारे, म्हणून बॅटरीमामा. त्यांचीही एक गंमत होती. पहिला अर्धा भाग त्यांचा बाहेर जायचा. उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडा, रडणारी मुलं आयांसकट बाहेर काढा. मध्यंतरानंतर मात्र दार लोटून ते आतल्या पडद्याला टेकून उभे राहायचे ते शेवटपर्यंत. म्हणजे शनिवारकरांनी सव्वीस वर्षांत एकही शेवट पाहिला नव्हता आणि बॅटरीमामांनी एकही सुरुवात. मध्यंतराला पायरीवर चहा प्यायचा, तेव्हा शनिवारकर मामांना सुरुवात सांगायचे. चित्रपट संपला की मामा थिएटरच्या फोनवरून शेवट सांगायचे. दोघांचा मिळून एक सिनेमा व्हायचा.

"लिहून घ्या साहेब," मामा म्हणायचे. "ती परत आली. पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आणि ह्याने दिवा मोठा केला, बास." एवढ्या तीन वाक्यांवर शनिवारकर पाऊण स्तंभ लिहायचे आणि वाचक म्हणायचे, काय हो ह्यांची नजर!

दोन महिन्यांपूर्वी मामा निवृत्त झाले. शनिवारकरांनी त्यांच्या जागी काही हुकमी वाक्यं नेमली. 'उत्तरार्ध पूर्वार्धाचे आश्वासन पाळतो.' 'शेवट वाचकांनी स्वतःच अनुभवावा.' पाच चित्रपट निभावले. सहावा हा.

*

तसं काम छोटंसं होतं. रविवारच्या आत चित्रपट पूर्ण पाहायचा. तिकीट काढायचं, बसायचं, बसूनच राहायचं. याला काय अक्कल लागते?

बुधवारी बाराच्या खेळाला शनिवारकर सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं तिकीट काढून बसले. सातही तरुण जागच्या जागी होते. पूल होता, पेटारा होता. मध्यंतराची घंटा झाली. शनिवारकरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आणि पुढचं त्यांना आठवतं ते एवढंच, की कुणीतरी म्हणत होतं, "अहो, आज बुधवार आहे!"

समोर उपसंपादक उभा होता. शनिवारकर कचेरीत, आपल्या टेबलाशी, हातात टोपण काढलेलं पेन घेऊन बसले होते. पायांनी त्यांना न विचारता दोन चौक ओलांडून, जिना चढवून आणून सोडलं होतं. पोळीवाली बाई पीठ बघत नाही, तिचे हात बघतात. तसं झालं होतं.

संध्याकाळी त्यांनी युक्ती काढली. आपले पाय मध्यंतराला उठतात ना? मग मध्यंतरालाच आत जायचं! साडेसहाच्या खेळाचं तिकीट काढून ते सव्वाआठला दाराशी हजर झाले. दारात मामांच्या जागी एक यंत्र होतं. यंत्राने तिकीट चाटलं आणि लाल दिवा लावला. यंत्राशेजारच्या मुलीने सांगितलं, "खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली की तिकीट मरतं, काका. मॅनेजरना भेटा."

मॅनेजर फार सभ्य माणूस. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक कोरा कागद दिला.

"अर्ज लिहा. दोन प्रती. विषय म्हणून लिहा, उत्तरार्ध पाहण्याबाबत. खाली कारण."

"कारण कशाला?"

"नुसता उत्तरार्ध मागणारा माणूस आजवर आला नाही, साहेब. नुसता पूर्वार्ध पाहून जाणारे पुष्कळ. त्यांचा अर्ज लागत नाही." मॅनेजरने चष्म्यावरून पाहिलं. "अहो, पण तुम्ही तर शनिवारकर! तुम्ही पाहिलाय की. तुम्हीच लिहिलंत ना, बोलणं अपराध ठरेल म्हणून?"

शनिवारकरांचा पाय टेबलाखाली टकटक करू लागला. "पुन्हा... पुन्हा पाहायचाय," ते म्हणाले.

"वा!" मॅनेजर उठून उभा राहिला. अर्ज त्याने मुख्य कचेरीकडे पाठवला, उत्तर यायला आठ दिवस लागतील म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरवर हातभर उंचीच्या अक्षरांत फलक लागला : 'थोर समीक्षक शनिवारकर म्हणतात, उत्तरार्धासाठी पुन्हा येईन!' खाली शनिवारकरांचा फोटो. लग्नातला. तो कुणी दिला ते कळायला मार्ग नव्हता, पण घरात बायको दोन दिवस अकारण हसत होती.

त्या फलकाखालून आता तोंड वर करून आत जायची सोय उरली नाही.

मग शनिवारकरांनी शेजाऱ्यांकडून शेवट काढून घ्यायचं ठरवलं. सरळ विचारायचं नाही, खुबीने. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यात भेटले.

"काय डॉक्टर, शेवट कसा वाटला?"

"अहाहा!" दंतवैद्यांनी डोळे मिटले. "पूल उडतो तेव्हा असा आवाज होतो, शनिवारकर, की माझ्या दोन पेशंटांची दाढ जागची हलली!"

समोरच्या काकू दार किलकिलं करून ऐकतच होत्या. "पूल कुठला उडतो, डॉक्टर? त्यांचा म्होरक्या शेवटी आईच्या पायाशी येऊन पडतो. मी दोन रुमाल भिजवले."

"काकू, त्याला आई नाहीच मुळी! पहिल्या प्रसंगातच सांगितलंय."

"म्हणून तर रडू येतं ना!"

दोघं जिन्यातच हमरीतुमरीवर आले. शनिवारकर दोघांच्या मधल्या पायरीवर उभे राहून एका कानाने पूल उडवत होते आणि दुसऱ्या कानाने पायाशी पडत होते. शेवटी दंतवैद्य म्हणाले, "थांबा, अध्यक्षच सांगतील! काय हो, पूल उडतो की नाही?"

"ते सांगणं," शनिवारकर कपाळ पुसत म्हणाले, "अपराध ठरेल."

*

शुक्रवारी रात्री बायकोने पोळी वाढता वाढता विचारलं, "पाहिला नाहीये ना तुम्ही?"

ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली की तिला वासानेच कळायचं. शनिवारकरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांचं.

तिने पोळ्यांचा डबा बंद केला. मग म्हणाली, "लग्नानंतर आपण एक सिनेमा पाहिला होता. एकच. मध्यंतराला तुम्ही उठलात. मला वाटलं चहा आणायला गेलात. चित्रपट संपेपर्यंत मी तुमच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवून बसले होते, कुणी जागा घेऊ नये म्हणून."

शनिवारकरांचा पाय थांबला. जरा वेळच, पण थांबला.

"मामांकडे जा," ती म्हणाली. "त्यांनी पाहिला असेल."

जायचं कुठे? सव्वीस वर्षं ज्याच्या डोळ्यांनी शेवट पाहिले, त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे हे शनिवारकरांनी कधी विचारलं नव्हतं. शनिवारी सकाळी थिएटरबाहेरच्या चहावाल्याने वाट सांगितली. चार जिने चढून गेल्यावर एक खोली. खोलीत खुर्ची होती, पण मामा दाराच्या पडद्याला टेकून उभे होते.

"बसवत नाही साहेब," ते म्हणाले. "पाय ऐकत नाहीत. या."

शनिवारकरांनी दिग्दर्शकांचं पत्र पुढे केलं. मामांनी ते लांब धरून वाचलं आणि परत दिलं.

"दोन महिने तुमचा फोन नाही," ते म्हणाले. "म्हटलं, साहेबांना नवा माणूस मिळाला."

"तुमचा नंबरच नव्हता माझ्याकडे. फोन नेहमी तुम्हीच करायचात."

"हं," मामा म्हणाले. "विचारला असता तर दिला असता."

शनिवारकरांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. एवढी विशेषणं आयुष्यभर वेचली, आता एक कामाला येईना.

"मामा, हा चित्रपट पाहिलात का?"

मामांचा चेहरा उजळला. "पाहिला! तिकीट काढून, बसून पाहिला. साहेब, सुरुवाती किती छान असतात हो! मला माहीतच नव्हतं. सगळी माणसं नवीन, कोण कुणाचं कोण ते कळत नाही, सगळ्यांना वाटतंय आपलं काम होणार. तो एक जण कोट फाटलेला घेऊन येतो, ती शिवणारीण त्याला बटण लावून देते, तीन मिनिटं असेल, पण—"

"आणि शेवट?"

"शेवट नाही पाहिला."

"काय?"

"मध्यंतर झालं नि मी उठलो. म्हटलं, सुरुवात पाहायची होती, पाहिली. शेवट काय, जन्मभर शेवटच तर पाहिले."

शनिवारकर मामांच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसले. आता दोघांकडे एकच अर्धा होता, आणि तोही तोच.

*

रविवारी सकाळचा खेळ नऊचा. फलकाखालून तिघं आत गेले : मधे शनिवारकर, डावीकडे बायको, उजवीकडे मामा. मध्यंतराची घंटा झाली. शनिवारकरांचे पाय उठले. दोन्हीकडून दोन हातांनी सदरा धरला आणि ते परत खाली आले.

"पाणी—"

"पाणी आणलंय," बायको म्हणाली.

दिवे लागले होते म्हणून शनिवारकरांना एक मौज दिसली. अख्खं थिएटर उठून चाललं होतं. रांगाच्या रांगा, पिशव्या सावरत, कुणाशी नजर न भिडवता. त्यात दंतवैद्य होते, पुढे समोरच्या काकू होत्या. त्यांनी शनिवारकरांना पाहिलं मात्र, दोघंही एकदम वाकून चपलेचा बंद बांधू लागले. काकूंच्या चपलेला बंद नव्हता.

गेलेलं कुणी परत आलं नाही. दिवे मालवले. आणि उत्तरार्ध सुरू झाला.

पूल उडत नव्हता. कुणी कुणाच्या पायाशी पडत नव्हतं. ते सात जण पडद्यावर आलेच नाहीत. ते पकडले गेले असतील, निसटले असतील, कुणी सांगतच नव्हतं. होती ती शिवणारीण. तिच्या खोलीत तो फाटका कोट राहून गेला होता आणि ती त्या कोटवाल्याची वाट बघत होती. सुई आत जाई, सुई बाहेर येई. दिवा वाढे, दिवा मावळे. दारातली वाट उजेडाची होई, सावलीची होई, पाऊल मात्र येईना. तिने कोटाची एकूण एक शिवण उसवली आणि पुन्हा घातली. पावणेदोन तास. एक शब्द नाही. शेवटी ती तो कोट आपल्या अंगात घालते, बटणं लावते, वरून खाली, एकेक, आणि दार उघडून बाहेर पडते. पुलाच्या दिशेने.

शनिवारकरांनी मामांकडे पाहिलं. मामा खुर्चीत सरसावून बसले होते, आणि बसलेच होते. बायकोने पर्स मांडीवर घेतली होती आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला होता.

*

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत दिग्दर्शक, पांढरे केस, हात छातीशी बांधलेले. व्यासपीठावर शनिवारकरांच्या एका बाजूला रूपकवाले समीक्षक, दाढीला तेल लावून. दुसऱ्या बाजूला महोत्सववाल्या बाई. त्या कुठलाही चित्रपट इथे पाहत नसत, दूर कुठेतरी आधीच पाहिलेला असे.

रूपकवाले उठले. "हा पूल म्हणजे काय? पूल म्हणजे काळ. अलीकडे पारतंत्र्य, पलीकडे स्वातंत्र्य, आणि मधे माणूस." पाऊण तास ते पुलावरच उभे होते. पुढे जाईनात, मागे येईनात. बाई उठल्या. "मी जेव्हा हा चित्रपट महोत्सवात पाहिला, तेव्हा त्या पेटाऱ्याच्या लाल रंगाने मी हादरले." मग पंचवीस मिनिटं पेटारा.

शनिवारकर ऐकत होते आणि त्यांचा पाय पुन्हा हलू लागला होता. कारण पूल, पेटारा, सात तरुण, सगळं मध्यंतराच्या अलीकडचं होतं. कोटाचं नाव नाही. सुईचं नाव नाही. ह्यांनीही पाहिलेला नाही! त्यांनी समोर पाहिलं. दंतवैद्य मान डोलावत होते, काकू रुमाल काढून तयार होत्या. आणि पहिल्या रांगेतला तो म्हातारा माणूस नुसता बसला होता, रिकाम्या दाराकडे बघत बसावं तसा.

"आता अध्यक्ष उत्तरार्धावर बोलतील," कुणीतरी पुकारलं.

शनिवारकर उठले. आता त्यांना सगळं माहीत होतं. दोन तास बोलता आलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, फलक खरा झाला असता. त्यांनी घसा साफ केला.

"आज सकाळपर्यंत," ते म्हणाले, "मी हा उत्तरार्ध पाहिलेला नव्हता."

सभागृहातल्या खुर्च्या करकरल्या, एकदम पुष्कळ.

"वा!" रूपकवाले ओरडले. "म्हणजे आपण कुणीच खऱ्या अर्थाने पाहिलेला नसतो!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही हो!" शनिवारकर घामाघूम झाले. "खऱ्या अर्थाने नव्हे, खरोखरच! मध्यंतराला मी उठून गेलो! सव्वीस वर्षं जातोय!"

"किती विनम्रता," बाई शेजारी पुटपुटल्या, आणि टाळ्या वाढल्या. माणसाने जन्मात एकदा खरं बोलावं आणि त्याचं अलंकारशास्त्र व्हावं, याहून मोठी मानहानी नाही. शनिवारकर हताश होऊन उभे राहिले. तेवढ्यात मागच्या दाराशी पडद्याला टेकलेला एक माणूस बोलला.

"एक विचारू का?" बॅटरीमामा म्हणाले. "सुरुवातीला ती त्याच्या कोटाला बटण लावते, ते काळ्या दोऱ्याने. शेवटी स्वतः कोट घालते तेव्हा एकच बटण पांढऱ्या दोऱ्याचं आहे. ते तिने परत का लावलं?"

टाळ्या थांबल्या. रूपकवाल्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे. कोट? कुठला कोट?

दिग्दर्शक सावकाश उठले. वळले. त्यांच्या ओठांचं काहीतरी होत होतं.

"तीन महिने झाले," ते म्हणाले, "महोत्सवांपासून सगळीकडे जातोय. पूल, पूल, पूल. हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं. आपण समीक्षक?"

"डोअरकीपर. निवृत्त."

"शेवट यांचा असतो," शनिवारकर व्यासपीठावरून म्हणाले. यावेळी कुणी टाळी वाजवली नाही, म्हणजे कळलं असावं. "सव्वीस वर्षं. माझ्या नावावर छापून आलेले सगळे शेवट यांचे आहेत."

दिग्दर्शक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, "मध्यंतर मी ठेवलं नव्हतं हो. माझा चित्रपट सलग आहे. मध्यंतर थिएटरवाल्यांनी घातलं, खारे दाणे विकायला."

पांढऱ्या दोऱ्याचं उत्तर त्यांनी दिलं, पण ते मामांच्या शेजारी जाऊन, हळू, एकट्या मामांना.

*

पुढच्या शुक्रवारी शनिवारकरांनी संपादकांना कळवलं, की परीक्षण आता रविवारी येईल. संपादक म्हणाले, मग तुम्हाला शनिवारकर कसं म्हणायचं? शेजारीही जरा गोंधळले. दंतवैद्यांनी जिन्यात दोन-तीन नावं सुचवली, ती इथे सांगण्यासारखी नाहीत. मजकुराखाली दोन नावं यायची ठरली, त्यातलं पहिलं मामांचं. यावर संपादकांशी जे झालं ते तर मुळीच सांगण्यासारखं नाही.

बाराच्या खेळाला तिघं बसले. घंटा झाली. मध्यंतर कसंबसं निभावलं, पण दिवे मालवताच शनिवारकर सवयीने ताडकन उठले, दोन्हीकडून दोन हातांनी सदरा ओढला, आणि मधलं बटण तुटून काळोखात कुठेतरी टणटणत गेलं.

"झालं!" बायको म्हणाली. "आता ह्यांना उघड्या छातीने सिनेमा दाखवा."

"हलू नका, साहेब," मामा म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला. निवृत्तीच्या दिवशी बॅटरी परत करायची असते. त्यांनी केलेली नव्हती. उजेडाचा छोटासा गोल खुर्च्यांखालून सरकत सरकत गेला, शनिवारकरांच्या उजव्या पायाशी येऊन थांबला. पाय जागच्या जागी होता. बटण त्याच्याखाली होतं.

"पांढरा दोरा आहे का हो घरी?" शनिवारकरांनी बायकोला विचारलं.

"बसा खाली," ती म्हणाली. "सुरू होतंय."